दुखरी नस आणि तिचा शेजार: प्रकल्प नोंदी

१६ जून

विज्ञान केंद्रातला त्वचेचा विभाग नव्याने करायचं ठरलं. जुन्या फलकावर त्वचेचा उभा छेद आहे, केसाचं मूळ, घर्मग्रंथी, आणि खाली "त्वचा हे शरीराचे सर्वांत मोठे इंद्रिय आहे" हे वाक्य. रंग उडालाय, कोपरे सुटलेत. आमच्या वाट्याला सहा फूट बाय चार फुटांची भिंत आली. विषय मी सुचवला: वेदना टिपणारे चेतातंतू जंतुसंसर्गाशी लढायला त्वचेला कशी मदत करतात.

बैठकीत एका सरांनी लगेच विचारलं, "म्हणजे चटका बसला की आपण हात मागे घेतो, तेच ना?" तेच नाही. ती प्रतिक्षिप्त क्रिया, ती शाळेच्या पुस्तकात आहेच. हात मागे घेतला काय, न घेतला काय, मेंदूला कळलं काय, न कळलं काय, तोच तंतू त्वचेतल्या त्वचेत रोगप्रतिकारक पेशींना कामाला लावतो, हे आम्हाला दाखवायचंय. सरांचा प्रश्न मात्र वहीत टिपून ठेवला. फलकासमोर येणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच समज घेऊन येणार.

मंडळी: मी (जीवशास्त्र शिकवते), बारावीचे दोघे, एक मुलगा आणि एक मुलगी, वायरिंगला दादा, आणि मजकूर तपासायला फिजिओथेरपिस्ट ताई. ताईंची उमेदीची सगळी वर्षं कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करण्यात गेली.

१८ जून

वाचन. आधाराला डॅनियल कॅप्लान यांच्या गटाचे दोन शोधनिबंध घेतले, २०१५चा आणि २०१९चा. पहिल्यातला जंतू कॅन्डिडा अल्बिकन्स. तोंडात, आतड्यात एरवी निमूट राहणारी ही बुरशी, पण जांघेत, स्तनांखाली, बाळाच्या लंगोटात ओल राहिली की डोकं वर काढते.

प्रयोग उंदरांवरचा. काही उंदरांतले वेदनातंतू आधी निकामी केले आणि मग त्वचेवर कॅन्डिडा सोडली. नसा शाबूत असलेल्यांनी ती आवरली, नसा गेलेल्यांत ती जास्त माजली. असं का, याची साखळी मुलांना फळ्यावर काढून दाखवली. बुरशी चेतातंतूला थेट चेतवते, आधी कुठल्या रोगप्रतिकारक पेशीनं तिला ओळखायला हवं असं नाही. तंतूच्या टोकातून सीजीआरपी नावाचं न्यूरोपेप्टाइड, म्हणजे नसेतून निरोप नेणारं द्रव्य, झरतं. आतल्या त्वचेत तंतूंना खेटून डेंड्रायटिक पेशी, म्हणजे प्रतिकाराच्या पहारेकरी पेशी, असतात. त्यांतल्या सीडी३०१बी ही खूण असलेल्या पेशी इंटरल्युकिन-२३ हे दुसऱ्या पेशींना निरोप देणारं प्रथिन सोडतात. त्यानं गॅमा-डेल्टा टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जाग्या होतात आणि इंटरल्युकिन-१७ हे तसंच दुसरं प्रथिन सोडतात. पुढचं मुलांना ठाऊक होतं: न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, धावून येतात, त्वचेच्या पेशी जंतुनाशक प्रथिनं बनवतात.

मला सगळ्यात आवडला तो या निबंधातला उलट तपास. नसा गेलेल्या उंदरांना सीजीआरपी बाहेरून दिलं आणि गेलेला प्रतिकार भरून निघाला. उंदराला दुखलं की नाही याचा इथे संबंधच राहिला नाही. तंतूच्या टोकातून झरणारं द्रव्य जागेवर पोचलं, एवढं पुरलं.

नसा निकामी करायला वापरतात ते रेझिनिफेराटॉक्सिन मोरोक्कोतल्या एका काटेरी युफोर्बियाच्या चिकातून मिळतं. आपल्याकडे कुंपणाला लावतात तो शेर याच वंशातला, त्याचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं ते खेड्यातल्या पोरांना सांगावं लागत नाही. हे द्रव्य जाऊन बसतं तंतूवरच्या टीआरपीव्ही१ या ग्राहकावर (रिसेप्टरवर). मिरचीतलं कॅप्सेसिनही तिथेच बसतं आणि साधारण ४३ अंशांपुढची उष्णताही तोच ग्राहक टिपतो. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं तो शोधून काढला, २०२१चं नोबेल त्यांना अर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं. मिरचीचं चित्र फलकावर हवंच, असा मुलीचा आग्रह. घेऊ.

२१ जून

२०१९चा निबंध. नस नसली की प्रतिकार लुळा पडतो हे आधीच कळलं होतं. पण जंतू नाही, जखम नाही, नुसती नस चेतवली तर प्रतिकार उभा राहतो का? हे तपासायला त्यांनी टीआरपीव्ही१ असलेल्या तंतूंमध्ये चॅनेलरोडॉप्सिन हे प्रथिन येईल असे उंदीर वापरले. हे प्रथिन मूळचं क्लॅमिडोमोनस या हिरव्या शैवालातलं. निळा प्रकाश पडला की ते उघडतं आणि तंतू पेटतो. म्हणजे त्वचेवर नुसता निळा प्रकाश पाडायचा, की आतल्या वेदनातंतूंना जंतू आल्यासारखं वाटतं.

प्रकाश पाडलेल्या जागी इंटरल्युकिन-१७ वाली प्रतिक्रिया उभी राहिली. मग तिथे कॅन्डिडा किंवा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू सोडला तर त्वचेनं त्याला जास्त नेटानं तोंड दिलं. इथपर्यंत अपेक्षितच होतं. खरी मौज पुढे आहे: ज्या शेजारच्या त्वचेवर प्रकाश पडलाच नव्हता, तिथेही तशीच तयारी झाली. संसर्ग पोचण्याआधीच.

कारण तंतूच्या रचनेत आहे. वेदनातंतू म्हणजे त्वचेपासून मणक्याकडे जाणारी एक सरळ दोरी नव्हे, त्वचेत शिरताना त्याला फांद्या फुटतात. एका फांदीच्या टोकावर उठलेला संदेश फाट्यापाशी आला की एक मणक्याकडे जातो आणि एक उलटा वळून दुसऱ्या फांदीत उतरतो. त्या फांदीच्या टोकातूनही सीजीआरपी झरतं. शेजारचं संरक्षण या उलट्या दिशेच्या संदेशावर अवलंबून आहे, हे त्यांनी दाखवलं.

दादांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग एलईडीची पट्टीच लावू की. बटण दाबलं की एक लाईन वर जाईल, एक बाजूला फिरेल." नमुना तिथेच ठरला. रंगही निळाच.

२४ जून

उलटा संदेश दिसावा म्हणून प्रयोगशाळेत हातावर करून पाहिलं. हे जुनं आहे: थॉमस लुईस यांनी १९२७ साली त्वचेच्या या तिहेरी प्रतिसादाचं सविस्तर वर्णन केलं. बोथट पट्टीच्या कडेनं हाताच्या आतल्या बाजूवर जोरात एक रेघ ओढायची. काही सेकंदांत रेघेवर लाली येते. ती पट्टीच्या दाबाची, जागच्या केशवाहिन्यांची. अर्ध्या मिनिटाच्या आसपास रेघेच्या दोन्ही बाजूंना, जिथे पट्टी लागलीच नाही तिथे, अस्पष्ट कडांची लालसर छटा पसरायला लागते. दोन-तीन मिनिटांनी रेघ फुगून वर येते. मधली पायरी नसांची. भूल देणारं मलम लावून ठेवलेल्या त्वचेवर ती बाजूची लाली उमटत नाही किंवा फारच कमी उमटते.

पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे. आमच्यापैकी बहुतेकांच्या हातावर ती छटा शोधावी लागली. खिडकीतल्या उजेडात काहीच कळेना, मोबाईलची बत्ती तिरपी धरल्यावर कडा दिसली. हाताच्या मागच्या बाजूनं रेघेजवळ स्पर्श केला तर तिथली त्वचा किंचित ऊब धरलेली जाणवत होती, आणि मुलीचं म्हणणं की डोळ्यांपेक्षा हे जास्त खात्रीचं. बरोबर आहे तिचं. फलकावर "लाल होते" एवढंच लिहिलं तर आपल्या मुलांना आपल्या हातावर ते दिसणार नाही, आणि ती समजतील की आपल्यात हे होतच नाही. "गरम होते, नीट पाहिलं तर गडद किंवा लालसर दिसते" असं लिहायचं.

२६ जून

मुलाचा प्रश्न: "मॅडम, संदेश मेंदूपर्यंत जाऊन परत शेजारी येत नसेल कशावरून?" यावर आजचा दिवस गेला, आणि गेला ते बरंच झालं. फलकाचा कणा मिळाला.

पहिलं उत्तर १९१०चं. निनियन ब्रूस यांनी प्राण्यांच्या डोळ्यात मोहरीचं तेल घातलं. मोहरीचं तेल डोळ्यात गेलं की डोळा लाल होतो, सुजतो. डोळ्याकडे येणारी संवेदी नस कापली आणि लगेच तेल घातलं, तरी डोळा सुजलाच. मेंदूशी संबंध तुटलेला, तरीही. मग कापलेल्या नसेची टोकं झडून जाऊ दिली आणि पुन्हा तेल घातलं. या वेळी डोळा शांत. म्हणजे सुजेला मेंदू लागत नाही, पण तिथली नसेची जिवंत टोकं लागतात.

दुसरं उत्तर माणसाचं, आणि मला जास्त भिडलेलं. दुचाकीवरून माणूस खांद्यावर आपटतो, मान आणि खांदा विरुद्ध दिशांना ओढले जातात आणि हाताकडे येणाऱ्या नसांची मुळं पाठीच्या कण्यातून उपटली जातात. हात पूर्ण सुन्न. टोचलं तरी कळत नाही. त्या सुन्न हातावर हिस्टामाइनचा (त्वचेवर खाज-सूज आणणारं द्रव्य) थेंब ठेवून सुईनं टोचलं, तर बाजूची लाली मात्र व्यवस्थित उमटते! कारण तंतूचा मुख्य देह मणक्यालगतच्या गंडिकेत, म्हणजे चेतापेशींच्या गाठीत, असतो. तुटलं ते गंडिकेच्या पलीकडे, मज्जारज्जूच्या बाजूला. त्वचा ते गंडिका हा भाग अखंड आहे, जिवंत आहे, फक्त वर कळवायची वाट बंद झालीय. आणि नस गंडिकेच्या अलीकडे तुटली असेल, तर काही आठवड्यांत टोकं मरतात आणि लालीही जाते. १९५४ साली जॉर्ज बॉनी यांनी याच फरकावरून नस नेमकी कुठे तुटली ते ओळखायची चाचणी मांडली. पुढचा उपचार त्यावर अवलंबून, कारण मज्जारज्जूतून उपटलेलं मूळ आपणहून पुन्हा जोडलं जात नाही.

हात सुन्न, आणि तरी तिथली वेदनेची नस कामावर. फलकानं एवढी एक गोष्ट पोचवली तरी पुष्कळ.

नमुन्यात दोन खटके घ्यायचे ठरलं. 'क' खटका मणक्याच्या वर तार तोडेल: मेंदूचा दिवा लागणार नाही, शेजारचा लागेल. 'ख' खटका त्वचेजवळ तोडेल: दोन्ही बंद.

२८ जून

दादांसोबत पट्टीचं गणित. वेदनेचे बारीक तंतू, ज्यांना सी तंतू म्हणतात, संदेश सेकंदाला अर्धा ते दोन मीटर एवढ्या संथ गतीनं नेतात. त्यांच्यावर मायलिनचं वेष्टण नसतं. बोटापासून मानेच्या मणक्यापर्यंत मीटरभर अंतर धरलं तर ठोक एक सेकंद लागतो. आमची पट्टी मीटरला साठ दिव्यांची. एकेक दिवा साधारण १७ मिलिसेकंद पेटवत नेला की खऱ्या नसेचा खरा वेग मिळतो. एरवी शरीरातली घडामोड नमुन्यात हळू करून किंवा वेगानं फिरवून दाखवावी लागते, इथे घड्याळ जसंच्या तसं ठेवता येतंय.

वेष्टण असलेले ए-डेल्टा तंतू सेकंदाला पाच ते तीस मीटर धावतात. त्यांची पांढरी पट्टी शेजारून नेली, ती लखकन जाते आणि मग निळी मागून सावकाश येते. पायाची करंगळी पलंगाच्या पायाला आपटली की आधी झिणझिणीत एक कळ येते आणि क्षणभरानं मागून ठणका सुरू होतो, त्याचं कारण या दोन पट्ट्यांत उघड दिसतं.

शेजारची फांदी नमुन्यात हातभर लांब दाखवावी लागेल, प्रत्यक्षात ती काही मिलिमीटरांची. तेवढं प्रमाण सोडलं, आणि खाली तसं लिहायचं.

वीजपुरवठा पाच व्होल्ट, पाच अँपिअर. दिवे चालवायला अर्दुइनो नॅनो हा छोटा नियंत्रक बोर्ड पुरेल.

२ जुलै

ताई आल्या. मजकुराचा पहिला खर्डा त्यांच्यापुढे ठेवला. त्यात वाक्य होतं: "वेदनातंतू नष्ट झालेल्या त्वचेत जंतू सहज वाढतात, म्हणून कुष्ठरोग्यांना जखमा होतात." मुलानं लिहिलेलं. ताईंनी चष्मा काढला आणि त्याला समोर बसवलं.

"अरे, तळव्याला भोक का पडतं माहितेय? पायात काटा मोडला, कळला नाही, तसाच चार दिवस चालला. चप्पल चावली, कळली नाही. चुलीजवळ बसला, भाजलं, वास आल्यावर कळलं. घामाच्या नसा गेल्या म्हणून कातडी कोरडी, भेगाळलेली. स्नायू लुळे पडले म्हणून बोटं वाकडी, सगळं वजन एकाच जागी. त्या जखमा कुष्ठाचा जंतू करत नाही, न दुखणारं चालणं करतं. तू उंदराचा प्रयोग वाचलास, चांगलं केलंस. पण माझ्या पेशंटच्या पायावर तो चिकटवू नकोस."

वाक्य काढलं. त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. सुन्न पायाच्या जखमेत न कळलेला मारच मुख्य, आणि त्यावरचा उपाय म्हणजे रोज पाय पाण्यात भिजवणं, घट्टे घासणं, तेल लावणं, एमसीआर (मऊ मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल, आणि डोळ्यांनी तपासणी. जगातले निम्म्याहून जास्त नवे कुष्ठरुग्ण भारतात सापडतात, त्यामुळे आमच्या केंद्रात येणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी हा आजार असू शकतो. त्यांच्यापुढे अर्धवट कार्यकारण ठेवणं बरं नाही.

पण जाताना ताईंनीच एक गोष्ट देऊन ठेवली. फिकट चट्टा कुष्ठाचा की दुसऱ्या कशाचा असा संशय असेल तर पूर्वी हिस्टामाइन चाचणी करत. चट्ट्यावर एक थेंब, चांगल्या कातडीवर एक थेंब, दोन्हीकडे सुईनं टोचायचं. चांगल्या कातडीवर टोचल्या जागेची लाली, बाजूची लाली आणि फुगवटा, तिन्ही. कुष्ठाच्या चट्ट्यावर बाजूची लाली गायब, कारण त्वचेतली तंतूंची टोकंच जंतूनं खाल्लेली असतात. लहान मुलाला "टोचलं तर कळतं का रे?" विचारून नीट उत्तर मिळत नाही, तिथे ही चाचणी उपयोगी पडे. सावळ्या कातडीवर वाचायला अवघड, म्हणून मागे पडली असं त्या म्हणाल्या. आम्ही परवा मोबाईलची बत्ती धरून जे शोधत होतो तेच हे.

ही चाचणी फलकावर येईल, 'ख' खटक्याच्या शेजारी. तिथे तिची जागा बरोबर आहे: टोकं मेली की शेजारचा दिवाही नाही.

५ जुलै

आजचं वाचन फलकाला अडचणीचं, म्हणून महत्त्वाचं.

सगळ्या जंतूंशी हा एकच डाव चालत नाही. २०१३ साली आयझॅक चिऊ आणि क्लिफर्ड वुल्फ यांच्या गटानं दाखवलं की स्टॅफिलोकॉकस ऑरियस वेदनातंतूंना थेट चेतवतो, त्याच्या फॉर्मिल पेप्टाइडांनी (जिवाणूंच्या प्रथिनांचे तुकडे) आणि तंतूच्या आवरणाला भोकं पाडणाऱ्या विषानं. गळू एवढं का ठणकतं, याचं उत्तर फक्त सूज नव्हे, जंतू स्वतः नस चेतवतोय. पण त्याच कामात असंही दिसलं की वेदनातंतू काढून टाकलेल्या उंदरांत संसर्गाच्या जागी रोगप्रतिकारक पेशी जास्त जमल्या आणि लसिका गाठी जास्त सुजल्या. म्हणजे इथे नस प्रतिकाराला लगाम घालत होती.

२०१८चा निबंध त्याहून टोकाचा. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनेस, मांस कुजवणाऱ्या नेक्रोटायझिंग फॅसायटिसला कारण होणारा जिवाणू. या आजाराची डॉक्टरांना शिकवलेली खूण अशी की वरून फारसं दिसत नसताना रुग्ण वेदनेनं तळमळतो. जंतू स्ट्रेप्टोलायसिन एस हे विष सोडतो, वेदनातंतू पेटतात, सीजीआरपी झरतं, आणि इथे तेच सीजीआरपी न्यूट्रोफिलांना अडवतं. जंतूला रान मोकळं. उंदरांत बोट्युलिनम विषाच्या सुईनं तंतूतून होणारा स्राव थांबवला, किंवा सीजीआरपीला रोखणारं औषध दिलं, तर संसर्ग आटोक्यात आला.

तेच द्रव्य. कॅन्डिडाच्या वेळी आपल्या बाजूनं, स्ट्रेप्टोकॉकसच्या वेळी जंतूच्या. मुलगी म्हणाली, "मग आपला फलक खोटा ठरतो." नाही ठरत. सीजीआरपीचं काम काय, हे ते ऐकणारी पेशी कुठली आहे त्यावर ठरतं. डेंड्रायटिक पेशीनं ऐकलं की इंटरल्युकिन-२३, न्यूट्रोफिलानं ऐकलं की माघार. बुरशीशी लढायला पहिलं हवं. स्ट्रेप्टोकॉकसशी लढायला न्यूट्रोफिल तातडीनं आत घुसायला हवेत, आणि नेमके तेच थोपवले जातात. शिवाय २०१९च्या प्रयोगात नसा जंतू येण्याआधी चेतवल्या होत्या, २०१३च्या प्रयोगात जंतू आत शिरल्यावर काय होतं ते पाहिलं होतं. दोन वेगळ्या वेळा, दोन वेगळे प्रश्न.

फलकावर तिसरा भाग वाढवायचा: डावीकडे कॅन्डिडा, उजवीकडे स्ट्रेप्टोकॉकस, मधे एकच निळा तंतू. समितीतून "गुंतागुंत होईल, एकच बाजू ठेवा" असा सूर येणार हे नक्की. यावर मी हटणार नाही. एक बाजू ठेवली तर बघणारा "दुखतंय ना, मग चांगलंच आहे" असं म्हणत घरी जाईल, आणि असह्य ठणका लागलेल्या माणसानं दवाखाना टाळावा असं काहीही आमच्या भिंतीवर असता कामा नये.

९ जुलै

सोरायसिस. हीच इंटरल्युकिन-२३ आणि १७ची साखळी विनाकारण चालू राहिली की त्वचेवर खपल्यांचे चट्टे येतात. २०१४ साली उलरिश फॉन आंद्रियान यांच्या गटानं उंदरांत सोरायसिससारखा दाह निर्माण केला, आणि वेदनातंतू काढून टाकल्यावर तो बराच कमी झाला. माणसांतही नस कापली गेलेल्या भागातला सोरायसिसचा चट्टा निवळल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. फलकावर जागा नाही, मार्गदर्शकांच्या टिपणात घालते.

१२ जुलै

अ‍ॅक्रिलिकची शीट मागवली होती पाच मिलिमीटरची, आली तीनची. पट्टीच्या उष्णतेनं मधे फुगली. दुकानदार परत घ्यायला तयार नाही. दादांनी मागून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मारली, त्यानं शीट सरळ झाली आणि उष्णताही निघून जायला लागली.

१५ जुलै

मजकूर. मुलाचा नवा खर्डा: "गावात चोर शिरला तर पाटलाकडे निरोप जाईपर्यंत कुणी थांबत नाही, शेजाऱ्याचं दार आधी वाजवतात. वेदनातंतू तसंच करतो." चांगलं आहे, ठेवलं. ताईंना दुसऱ्या वाक्याआधी "पाटलालाही कळवतोच" हवं होतं. तेही घातलं. मेंदूचा मान कमी करायचा नाहीये.

"वेदना हे वरदान" असा मथळा समितीकडून सुचवून आला. नको म्हटलं. दाढ दुखत असलेल्या माणसाला तो वाचायला लावून बघा. मथळा साधा: "नस नुसती सांगत नाही, करतेही."

१९ जुलै

उंदीर आणि माणूस. हा तक्ता छोटा पण आवश्यक. उंदराच्या त्वचेत इंटरल्युकिन-१७ बनवणाऱ्या गॅमा-डेल्टा टी पेशी पुष्कळ, माणसाच्या त्वचेत पेशींचं हे गणित वेगळं, इथे इतर टी पेशींचा वाटा मोठा. साखळीचं शेवटचं टोक मात्र माणसात भक्कम सिद्ध आहे. इंटरल्युकिन-१७च्या जनुकात किंवा त्याच्या ग्राहकाच्या जनुकात जन्मजात दोष असलेल्या माणसांना त्वचेवर, नखांत, तोंडात कॅन्डिडा सारखी होत राहते, हे २०११ साली दाखवलं गेलं. सोरायसिससाठी इंटरल्युकिन-१७ रोखणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांतही कॅन्डिडाचा त्रास वाढलेला दिसतो. आणि साखळीचं पहिलं टोक, उलटा संदेश, तर आम्ही स्वतःच्या हातावर पाहिलाय. मधल्या कड्या उंदरातल्या. फलकावर उंदरात सिद्ध झालेल्या पायऱ्यांना छोट्या उंदराचं चित्र, माणसात सिद्ध झालेल्यांना माणसाचं. ही युक्ती मुलीची, आणि सगळ्या फलकांवर वापरावी अशी आहे.

२४ जुलै

चाचणी. सातवीचा वर्ग आला होता. बटणावर झुंबड. निळी पट्टी मणक्याकडे सरकताना पोरं तोंडानं मोजत होती. 'क' खटका टाकल्यावर मेंदू अंधारात आणि शेजारचा दिवा चालू, तेव्हा मागून एक आवाज आला, "त्याला कळलंच नाही तरी झालं की!" याच्यापुढे मला काही समजावून सांगायचं उरलं नाही.

प्रश्नही सणसणीत. "मग जखमेवर मिरची लावली तर जंतू मरतील का?" नाही. मिरचीनं नस पेटते, जंतू मरत नाही, आणि जखमेची आग होऊन कातडीचं नुकसान होतं ते वेगळंच. शिवाय कॅप्सेसिन जास्त प्रमाणात दिलं तर तंतूंची टोकं थकून निकामी होतात. नागिणीनंतरच्या ठणक्यावर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी लावतात ती याचसाठी, आणि तीही डॉक्टर लावतात, आपण नव्हे. हे मार्गदर्शकांच्या टिपणात पहिल्या पानावर.

दुसरा: "डोकेदुखीची गोळी घेतली तर नस बंद पडते का?" प्रयोगातल्या उंदरांच्या नसाच नष्ट केलेल्या होत्या, गोळीनं नस मरत नाही. एवढंच उत्तर द्यायचं, औषधांवर त्यापलीकडे आमचा फलक बोलणार नाही.

खटके फार उंचावर बसलेत. पाचवीच्या पोरांचा हात पोचत नाही. दादांना नऊ इंच खाली घ्यायला सांगितलं.

२ ऑगस्ट

मजकूर पक्का, छपाईला गेला. समितीनं तिसरा भाग ठेवला, फक्त अक्षर मोठं करा म्हणाले. ते केलं.

राहिलेली कामं: वीज जाऊन परत आली की अर्दुइनो दोन्ही खटके 'जोडलेले' धरून सुरू होतो, प्रत्यक्ष खटका मात्र तुटलेल्या जागी असतो, त्यामुळे पहिल्या बटणाला चुकीचा दिवा लागतो. सुरुवातीलाच खटक्याची स्थिती वाचून घेणारी ओळ दादा घालतायत. हिस्टामाइन चाचणीच्या चित्रात दोन्ही हात गव्हाळ-सावळे रंगवून हवेत, चित्रकारानं पुन्हा गोरे काढलेत. ताईंना त्यांच्या गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी दिव्यांशिवायची, गुंडाळून नेता येईल अशी कापडी प्रत हवी आहे. त्यात पायाच्या रोजच्या तपासणीची चित्रं त्या स्वतः देणार आहेत. मोजमाप चार फूट बाय तीन, वर-खाली काठीची शिवण.